मुंबई बिघडली म्हणून कसे सांगावे

खान्देशातल्या माणसाने आयुष्यात किमान चार वेळा मुंबईला जावे. एकदा बघायला आणि तीनदा बिघडली म्हणून सांगायला. माझा मुंबईतला आजवरचा मुक्काम सगळा मिळून २३ दिवसांचा. त्यातला दीड दिवस तर एका लग्नाच्या हॉलमध्येच गेला. तरीही पाचोऱ्याच्या स्टेशनाबाहेर चहाच्या गाडीवर मुंबईचा विषय निघाला, की लोक आधी माझ्याकडे बघतात. ही पत तुम्हालाही कमावता येईल.

पहिली खेप नवव्या-दहाव्या वर्षी करावी. महिना मे, गाडी भुसावळ-मुंबई पॅसेंजर. एक्सप्रेसने गेलात तर पुढे सांगण्याजोगे काही घडत नाही. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकांसाठी बिबड्यांचा डबा, जो मांडीवरून खाली ठेवायचा नाही. इगतपुरीला तेव्हा इंजिन बदलायचे, म्हणून गाडी चांगली ताटकळायची. वडील वडे आणायला उतरायचे आणि शिट्टी झाली तरी दिसायचे नाहीत. ती धाकधूक नीट जपून ठेवा. पुढे घाटाच्या अलीकडे-पलीकडे विजेचा प्रवाह एकसारखा झाला, इंजिन बदलायचे कारण उरले नाही आणि इगतपुरीला वडील हरवायची सोयही गेली. बिघाडाची यादी इथूनच सुरू करावी.

उतरायचे काकांकडे, लालबागला. दहा बाय बाराची खोली, माणसे नऊ, तुम्ही धरून बारा. काका गिरणीत. रात्रपाळी करून आलेला माणूस आडवा होतो तेव्हा दिवसपाळीला गेलेल्याची गादी अजून गरम असते. काका त्यांच्या एकुलत्या एका सुट्टीत तुम्हाला राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि गेटवे असे सगळे उरकून दाखवतील. स्वतः मात्र प्रत्येक ठिकाणी बाकावर बसून पाय चोळतील.

गेटवेसमोर काका सांगतील, हा पंचम जॉर्जसाठी बांधला. पुढची गोष्ट मोठेपणी कळते. राजा १९११ साली आला तेव्हा दगडी कमानीचा पत्ताच नव्हता. पुठ्ठ्याची कमान उभी करून त्याचे स्वागत आटोपले. खरी कमान १९२४ साली पुरी झाली. म्हणजे मुंबईत चुकीच्या वेळी पोचण्याची चाल थेट राजघराण्यातून आलेली आहे. फक्त त्या बिचाऱ्याला ‘पूर्वी बरी होती’ असे म्हणायला जागा नव्हती. तुम्हाला ती आहे. वाया घालवू नका.

दुसरी खेप विशीत, नोकरभरतीच्या परीक्षेला. आता मुक्कामाला काका नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी कधी परत आत गेलेच नाहीत. काका पाचोऱ्याला येऊन एका किराणा दुकानात हिशेब लिहू लागले. त्यांना मुंबईविषयी विचारू नये. ते पेन्सिलीला टोक काढत बसतात, बोलत काहीच नाहीत. तक्रार शिकायला अशा माणसाचा उपयोग नाही. तुम्ही दादरच्या फलाटावर पेपर अंथरून झोपा, परीक्षेत नापास व्हा आणि आल्यावर सांगा, “पहिलेनी मुंबई ऱ्हायनी नही रे भो!”

लग्नानंतरच्या खेपेत विशेष काही नाही. चौपाटी, भेळ, उन्हाचा त्रास. एवढेच लक्षात ठेवा, की १९९६ साली व्हीटीचे नाव बदलले. तुम्ही मात्र चहाच्या गाडीवर व्हीटी म्हणायचे, आणि समोर तुमच्याहून म्हातारा कोणी असेल तर ‘बोरीबंदर’. ट्रामचाही असाच उपयोग होतो. ती ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. तुमचा जन्म नंतरचा असला तरी दबकू नका. खान्देशात जन्मदाखला मागून ट्रामची आठवण कोणी तपासत नाही.

खरी मेहनत चौथ्या खेपेला. आता मुलगा तिकडे. फोनवर तो मुंबईत राहतो, प्रत्यक्षात बदलापूरला उतरावे लागते. भरताची वांगी आणि केळीची फणी घेऊन तुम्ही इमारतीच्या गेटवर उभे राहता आणि वॉचमन ओटीपी मागतो. इथे चिडू नका, मनात नोंद करा. दुसऱ्या दिवशी मुलगा हौसेने ऑफिस दाखवायला नेईल. गिरणीच्याच आवारात काचेची इमारत, खाली कॉफीचे दुकान आणि शोभेसाठी राखलेली एक चिमणी. ही काकांची गिरणी होती का, हे तुम्हाला नक्की आठवणार नाही. तरी ‘हीच’ म्हणा. कॉफीचा भाव ऐकून झाल्यावर म्हटले तर जास्त परिणाम होतो.

मग तो गाडीतून अटल सेतूवर नेईल. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, जवळपास २२ किलोमीटरचा, बहुतेक सगळा समुद्रावरून. तोंडाचा आ होईल, तो तिथल्या तिथे मिटावा आणि म्हणावे, “एवढ्या रस्त्यात एक वडापाववाला नाही!” जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सीही गेली, हे मुलगा सांगेल तेव्हा चष्मा काढून पुसा. पद्मिनीत तुम्ही जन्मात एकदा बसला होतात आणि तेव्हाही मीटरवरून भांडला होतात, हे त्याला कोण सांगणार?

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. माझा भाचा ठाण्याचा. दर मे महिन्यात आठ दिवस मामाच्या गावाला यायचा आणि पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीत बसायचा हट्ट धरायचा. हा परवा मोठा होऊन आला, फलाटावर उतरला आणि म्हणाला, “मामा, आपली पीजे कुठाय?” २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच, हे मला तोंडपाठ होते. पण त्या बाजूला मी शेवटचा कधी गेलो होतो, ते काही आठवेना. तो बाकावर बसला, मोबाइल खिशात ठेवला आणि चहावाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “पाचोरा आता पूर्वीचं राहिलं नाही.”

अशांना लगेच गप्प करावे. चार दिवस पाहुणे राहून जाणाऱ्याला गावातले काय कळते!