साखरेची टंचाई थकलेल्या बिलातून सुरू होते

साखर महागली की सगळे साठेबाजांच्या नावाने ओरडतात. धाडी पडतात, गोदामांना सील लागतं, निर्यात बंद होते. साठेबाज असतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण जो देश स्वतः ऊस पिकवतो तिथे साखर कमी पडते, तेव्हा बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं आधी शेतकऱ्याचं बिल थकलेलं असतं. त्या बिलाबद्दल तेव्हा कुणी अवाक्षर काढलेलं नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

उसाची लागण केली की वर्ष-दीड वर्ष रान अडकलं, त्यापुढे खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. आणि तोडलेला ऊस धान्यासारखा भरून ठेवता येत नाही. २४ तासांत गाळपाला गेला तर ठीक. कारखान्याच्या आवारात भरलेली गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी राहिली की कांडी सुकते, वजन घटतं, आतली साखर मोडायला लागते आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो. त्यामुळे ऊस तोडलेल्या माणसाला घासाघीस करायला वेळच नसतो. काट्यावर जे वजन दाखवतील ते आणि कारखाना देईल तेव्हा पैसे.

हे पैसे लांबले की शेतकरी खोडवा मोडतो आणि दुसरं पीक घेतो. बाजाराला ते लगेच कळत नाही, पुढच्या हंगामात कळतं. मग घाईने आयात होते, चढा भाव बघून लागणीही वाढतात, दोन्ही साखर एकदम बाजारात येते, भाव पडतो आणि कारखाने पुन्हा बिलं थकवतात.

केनियात २०२३ साली तयार ऊसच उरला नव्हता. कारखाने कोवळा ऊस पळवायला लागले, शेवटी सरकारने काही महिने गाळपच थांबवलं. क्युबाचं तर वाईट वाटतं. १९७० साली एक कोटी टनांचं लक्ष्य ठेवून ८५ लाख टनांच्या आसपास साखर काढणारा हा देश. सोव्हिएत संघ चढ्या दराने ती विकत घ्यायचा. तो आधार १९९१ साली गेला, २००२ साली जवळपास निम्मे कारखाने बंद केले आणि आज क्युबा साखर आयात करतो. जमीन आणि हवा तीच आहे. पण ऊस लावण्यात शेतकऱ्याला काही उरेनासं झालं, सुटे भाग आणि इंधन मिळेना, मग पीक टिकणार कसं?

आपल्याकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चांगली तरतूद आहे: १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. पण हे व्याज मागण्यासाठी शेतकऱ्याला आंदोलनं करावी लागतात, कोर्टाची पायरी चढावी लागते.

थकबाकीदार कारखान्याचा गाळप परवाना अडवा, असं म्हणणं सोपं आहे. पण कारखाना बंद राहिला तर उभ्या उसाचं काय, हा प्रश्न खरा आहे. माझ्या मते खरी मेख तारणात आहे. साखर तयार होताच बँकेकडे गहाण पडते, ती विकली की आधी कर्ज वळतं होतं आणि उसाचे पैसे मागे पडतात. हा क्रम उलटा करा. विक्रीचा पैसा आधी ऊसवाल्याच्या खात्यात आणि मग बँकेच्या हप्त्याला. बँकांची तक्रार येईल, येऊ दे. त्यांच्याकडे तारण तरी असतं. ऊस घालून बसलेल्याकडे वजनकाट्याच्या पावतीशिवाय काहीच नसतं.