शांतता कोणत्या सॉफ्टवेअरची?

“आधी तो मेट्रोनोम बंद करा,” साडूभाऊ म्हणाले.

तो मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारी टिकटिक, नव्हता. माझं गाणं होतं ते.

आठ बार, एका बारात चार ठोके, टेम्पो १२०, म्हणजे मिनिटाला १२० ठोके; हिशेबाने बरोबर १६ सेकंद. १२० का, तर गाणी बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा तिथे १२० लिहिलेलं होतं आणि मला ते बदलायचा धीर झाला नाही. हे १६ सेकंद चार महिन्यांचं फलित आहे. त्यातलं गाणं एका संध्याकाळचं. बाकी सगळा काळ सॉफ्टवेअर निवडण्यात गेला.

विचारावं तर प्रत्येक जण म्हणतो, “तुम्हाला कसलं संगीत करायचंय त्यावर आहे.” अहो, ते कळायलाच तर सॉफ्टवेअर हवंय! क्यूबेस १९८९ पासून आहे, जुन्या अटारी कॉम्प्युटरच्या काळातलं, म्हणून मला ते वडीलधारं वाटलं. एफएल स्टुडिओचं मूळ नाव फ्रूटीलूप्स. या वयात ‘मी फ्रूटीलूप्सवर काम करतो’ असं कुणाला सांगणार? नाव बदलून किती वर्षं झाली हे मला नंतर कळलं. लॉजिक फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं, तसं एकही माझ्याकडे नाही, त्यामुळे तेवढा एक निर्णय विनासायास झाला. एबलटन लाइव्हमध्ये चौकोन दाबले की तुकडे वाजतात; तिथे मी दोन आठवडे नुसते चौकोन दाबले. रीपरची ट्रायल ६० दिवसांची. त्यातले पन्नासेक रंगसंगती बदलण्यात गेले, हा दोष रीपरचा नाही.

आणखी एका सॉफ्टवेअरचं मात्र नाव घेत नाही. त्याच्या ट्रायलमध्ये मी तीन तास खपून बेस, म्हणजे खालच्या सुरांची साथ, बसवला, सेव्ह केला, झोपलो. सकाळी कळलं की ट्रायलमध्ये फाइल सेव्ह होते, उघडत मात्र नाही. उघडायची तर आधी विकत घ्या. म्हणजे जपून ठेवलंय, अगदी माझ्यापासूनसुद्धा. यात विनोद काही नाही. तो बेस चांगला होता. तसा पुन्हा जमला नाही.

तर साडूभाऊ. ते कोणतं सॉफ्टवेअर वापरतात हे सांगत नाही, घरात भांडणं नकोत. मेट्रोनोमचा खुलासा केल्यावर त्यांनी डोळे मिटून गाणं पुन्हा ऐकलं. दुसऱ्यांदाही १६ सेकंदच लागले.

“गाण्याचं जाऊ द्या,” ते म्हणाले. (गाण्याचं का जाऊ द्यायचं?) “पण आवाज चपटा आहे. तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष. आमच्यात तोच ड्रम गोल वाजतो.”

“साडूभाऊ, शेवटी आत बेरीजच असते. ड्रमचे आकडे अधिक बेसचे आकडे. बेरीज गोल कशी असेल?”

“कानाला कळतं ते.”

त्यांचा लॅपटॉप सोबत होताच. तो नेहमी असतो. माझ्या ड्रम आणि बेसच्या फाइली त्यांनी तिकडे घेतल्या, वाजवल्या, आणि खरं सांगतो, तिकडे दणकून वाजल्या. ते काही बोलले नाहीत. नुसते मागे रेलून बसले. ते बसणं मला अजून खुपतंय.

रात्री छडा लागला. आवाज मधोमध ठेवला की तो किती हळू करायचा, याचा प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला ठराव असतो. पॅन लॉ म्हणतात त्याला. माझं सॉफ्टवेअर तीन डेसिबल कापत होतं, त्यांचं काहीच कापत नव्हतं. त्यांची गोलाई म्हणजे हे तीन डेसिबल! मोठा आवाज माणसाला नेहमीच भारी वाटतो, बैठकीत काय नि स्पीकरवर काय.

सकाळी ते चहा घेत असतानाच मी दोन्हीकडचा पॅन लॉ सारखा केला, दोन्हीकडून गाणं एक्स्पोर्ट केलं, दोन्ही फाइली माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या आणि एकीची लहर उलटी केली. फाइली तंतोतंत सारख्या असतील तर अधिक-उणे होऊन शून्य उरतं. फरक असेल, तर तेवढा फरकच ऐकू येतो. याहून सरळ न्याय नाही.

प्ले दाबलं. रेघ सरकत होती, मीटरची पट्टी काळीकुट्ट, आवाज शून्य. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या कॉम्प्युटरमधून काहीतरी निर्दोष बाहेर पडत होतं.

साडूभाऊंनी कप खाली ठेवला. डोळे मिटले. पूर्ण १६ सेकंद ऐकलं. मग म्हणाले, “पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं.

“ही शांतता कशात वाजवताय?”

“माझ्या सॉफ्टवेअरमध्ये.”

“तरीच. आमच्याकडची जरा खोल असते.”

मी आकडे दाखवले, मीटर दाखवलं, लहर सुलटी करून दाखवली, परत उलटी केली. ते मान डोलवत होते, पोराने चित्र दाखवल्यावर डोलवतात तशी. मला राग आला होता आणि तो आकड्यांवरून नव्हता. माझ्या गाण्याला त्यांनी डोळे मिटून १६ सेकंद दिले, या शून्याला ३२. शिवाय शून्य ऐकताना बोटाने ताल धरला होता, आणि तो माझ्या गाण्याहून बरा होता.

निघताना म्हणाले, “ती फाइल पाठवून ठेवा. घरी हेडफोनवर नीट ऐकतो.”

पाठवली. रात्री अकराला उत्तर आलं: “ऐकली. सुरुवातीला किंचित खरखर आहे.”

शून्यात खरखर! मी फोन उलटा ठेवला. मग उठलो, हेडफोन लावले आणि सुरुवात ऐकली. मग आवाज वाढवून पुन्हा ऐकली.