‘गेम-यूज्ड’ जर्सीच्या अस्सलपणाबद्दल आपण नोंदवलेल्या तक्रारीस लिलावगृहाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय मी सावकाश वाचला आणि त्यासोबत जोडलेले दुसऱ्या परीक्षकाचे पत्र त्याहूनही सावकाश वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, आमच्या लिलावात ‘गेम-यूज्ड’ (म्हणजे खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेली) म्हणून घेतलेली बास्केटबॉलची जर्सी आपण फोटो मॅचिंगसाठी, म्हणजे सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहण्यासाठी, पाठवली, तेथे तिची जुळणी झाली नाही, म्हणजेच ती बनावट आहे, आमच्या प्रमाणपत्राला रद्दीचीही किंमत नाही, आणि विक्रेता, परीक्षक व आम्ही एकाच माळेचे मणी आहोत. मोठी रक्कम मोजल्यावर असे पत्र हाती पडले तर कोणाचाही संताप होईल. परंतु ‘जुळणी झाली नाही’ येथून ‘बनावट आहे’ येथपर्यंत आपण घेतलेली उडी मला मान्य नाही.

फोटो मॅचिंगचा निकाल तीनपैकी एक असतो: निर्णायक जुळणी, निर्णायक विसंगती, किंवा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसणे. आपण जोडलेल्या पत्रातील वाक्य ‘उपलब्ध छायाचित्रांच्या आधारे निर्णायक जुळणी करता आली नाही’ असे आहे, म्हणजे ते तिसऱ्या प्रकारात मोडते. जाळीदार कापडावर क्रमांक शिवताना त्याची कड कोणते छिद्र अर्धे झाकते आणि कोणते पूर्ण मोकळे सोडते, हे दोन जर्सींत सहसा तंतोतंत सारखे येत नाही; परीक्षक भिंग लावून नेमके हेच शोधत असतो, आणि त्याच्या जोडीला नावाच्या पट्टीचा किंचित तिरकेपणा, एखादा निसटलेला टाका, रफू केलेली जागा अशा खुणा पाहतो. मात्र या खुणा ज्यात मोजता येतील असे सामन्याचे छायाचित्र असावे लागते. आपली जर्सी नव्वदच्या दशकातील आहे आणि ती ज्या खेळाडूची आहे तो बहुतेक सामन्यांत बाकावरून मैदानात उतरत असे. त्या काळातील छायाचित्रकारांनी आपली फिल्म मुख्यतः ताऱ्यांवर खर्च केली. राखीव खेळाडूची, त्यातही पाठीमागून घेतलेली, कापड चुरगळलेले नसलेली आणि छिद्रे स्पष्ट दिसणारी छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही मिळत नाहीत.

आता आम्ही काय लिहिले होते ते पाहू. लॉटच्या (लिलावातील त्या वस्तूच्या) वर्णनात असे नमूद होते की लेबल, माप आणि शिवणकाम त्या हंगामात संघाला पुरवल्या गेलेल्या जर्सींशी जुळते, वापराच्या खुणा स्पष्ट आहेत, जर्सी संघाचे साहित्य सांभाळणाऱ्या माजी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाकडून आली असून तसे सहीचे पत्र सोबत आहे, आणि तिचे फोटो मॅचिंग झालेले नाही. हे शेवटचे वाक्य तळटीपेत दडवलेले नव्हते. बाकीच्या वर्णनाइतक्याच ठळकपणे छापलेले होते, आणि अंदाजित किंमतही ते धरूनच ठरवली होती.

वापराच्या खुणा खोट्याही करता येतात, हा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. सँडपेपरने घासून आणि वारंवार धुऊन कोरी, संघाला नुसती पुरवलेली जर्सी ‘खेळलेली’ भासवण्याचे उद्योग या धंद्यात जुने आहेत, आणि म्हणूनच केवळ झीज पाहून आम्ही कोणतीही वस्तू ‘गेम-यूज्ड’ म्हणून स्वीकारत नाही. खरी झीज शरीर जेथे घासते तेथे असते: काखेखाली, आणि जर्सी शॉर्ट्समध्ये खोचली जाते त्या कमरेच्या पट्ट्यात. बनवलेली झीज बहुधा सगळीकडे सारखी पसरलेली असते. आपल्या जर्सीच्या आतील बाजूची छायाचित्रे आमच्या दफ्तरी आहेत. कमरेजवळ कापडाला गोळे आलेले आहेत आणि छातीचा भाग जवळपास स्वच्छ आहे.

जुळणी आज झाली नाही म्हणून ती उद्या होणार नाही, असेही नसते. अमेरिकी बेसबॉलपटू बेब रूथची 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधील (बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील) जर्सी 2005 मध्ये 9 लाख 40 हजार डॉलरला विकली गेली होती. तीच 2024 मध्ये, त्या मालिकेतील तिसऱ्या सामन्याच्या छायाचित्रांशी जुळल्याच्या निष्कर्षासह, 2 कोटी 41 लाख डॉलरच्या वर गेली. (सगळा फरक जुळणीमुळे पडला असे मी म्हणणार नाही, मधल्या काळात बाजारही कमालीचा चढला.) याउलट, मालकीची साखळी कितीही चोख असली तरी प्रश्न उभे राहू शकतात. 1986 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेला शर्ट सामन्यानंतर इंग्लंडचा खेळाडू स्टीव्ह हॉज याने स्वतः अदलाबदल करून घेतला होता आणि तो पुढे अनेक वर्षे संग्रहालयात होता; तरीही 2022 मधील लिलावापूर्वी मॅराडोनाच्या मुलीने तो पूर्वार्धातला, म्हणजे उत्तरार्धातील गाजलेले दोन गोल करताना घातलेला नसल्याचे जाहीरपणे म्हटले, आणि लिलावगृहाला छायाचित्रांच्या जुळणीचाच आधार घ्यावा लागला.

जर्सीवर अस्सलपणाचा होलोग्राम स्टिकर का नाही, असेही आपण विचारले आहे. मेजर लीग बेसबॉलची जी योजना आपल्या मनात आहे ती 2001 मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रमाणक मैदानावर स्वतः हजर राहून वस्तूला क्रमांकाचे होलोग्राम स्टिकर लावतो. आपली जर्सी त्याआधीची आणि वेगळ्या खेळाची आहे, तेव्हा तशी अपेक्षा येथे गैरलागू आहे.

संगनमताच्या आरोपाबद्दल बोलायचे तर, परीक्षकाची फी लिलावगृह किंवा विक्रेता देतो ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत मलाही फारशी रुचत नाही. एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये पकडलेले लोक खोट्या सह्यांसोबत खोटी प्रमाणपत्रेही विकत होते, आणि 2013 मध्ये अमेरिकेतील एका नामांकित लिलावगृहाच्या माजी प्रमुखाने बोली कृत्रिमपणे फुगवल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. त्यामुळे संशय घेणे गैर नाही. मात्र तो या जर्सीवर ठेवायचा असेल, तर या जर्सीविषयीचा पुरावा लागेल.

आमचा प्रस्ताव असा आहे. आपण आणि आम्ही दोघांनी मिळून, आमच्याशी कोणताही व्यवहार नसलेला तिसरा परीक्षक निवडावा. आम्ही आमच्याकडील छायाचित्रे आणि पत्रव्यवहार त्याला थेट पाठवू. निर्णायक विसंगती आढळल्यास बोलीची रक्कम, बायर्स प्रीमियम (खरेदीदाराने बोलीवर दिलेले लिलावगृहाचे शुल्क) आणि परीक्षणाचा खर्च आम्ही परत करू. लिलावाच्या अटींमध्ये असलेली तक्रारीची मुदत त्याआड येणार नाही. निकाल पुन्हा अनिर्णित राहिला तर विक्री कायम राहील. पण आपल्याला जर्सी नकोशी झाली असेल तर आम्ही ती कमिशन न घेता पुढील लिलावात ठेवू, आणि दोन्ही परीक्षकांची पत्रे वर्णनात जशीच्या तशी छापू.

एक विनंती आहे. हे परीक्षण पूर्ण होईपर्यंत जर्सी धुऊ नये, तिला इस्त्री करू नये आणि लेबलजवळचा सुटलेला धागा कापू नये. तो धागा आमच्या छायाचित्रांत दिसतो, आणि तिसऱ्या परीक्षकाला वस्तूची ओळख पटवण्यासाठी तो उपयोगी पडेल.

आपला,
संचालक, लिलाव विभाग