गर्दी मोजा, पण थांबणारी

‘स्टेशनजवळ गर्दी दिसली की पोळी-भाजी केंद्राला मागणी आहेच’ हे असं केंद्र सुरू करण्यावरच्या एका लेखातलं वाक्य नवख्या माणसाला खड्ड्यात घालेल. ठाणे पश्चिमेला सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनला जोडलेल्या उंचावरच्या बस-डेकवरून, थेट बसमध्ये चढणारा प्रवासी खालच्या गाळ्यासमोरून जातच नाही. गर्दी मोजायची तर गाळ्याच्या नेमक्या बाजूला उभं राहून, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, एक मंगळवार आणि एक शनिवार. आणि चालणारे नाही, थांबणारे मोजा. शेजारच्या दुकानात छापील बिल मिळत असेल तर सोपा मार्ग आहे: अकराला एक बिल घ्या, तीनला दुसरं. क्रमांकांतला फरक म्हणजे मधल्या वेळेत झालेली बिलं, साधारण तेवढी गिऱ्हाइकं.

मग गणित. उदाहरणादाखल भाडं ४५,०००, दोन माणसांचा पगार ३६,०००, वीज व किरकोळ ९,०००, म्हणजे महिना ९०,०००. ताट ९० रुपयांना, त्यात माल, गॅस, डबा ५४, उरले ३६. ९०,००० भागिले ३६ म्हणजे २,५०० ताटं. ऐरोली-महापेसारख्या ऑफिसांच्या भागात शनिवार-रविवार रस्ते ओस, म्हणून दिवस २२च धरा: रोज ११४ ताटं, तीही फक्त खर्च भागवायला. ३० दिवस धरले की आकडा ८४ वर येतो, इथेच बहुतेकांची फसगत होते. ॲपवरून विकताना कमिशनपोटी २५ रुपये गेले तर ताटामागे ११च उरतात. हे सगळं अनामत रक्कम देण्याआधी करायचं, नंतर नाही.