आपला रेडिओ फक्त बिनाका नव्हता

रेडिओच्या आठवणी निघाल्या की दहाव्या मिनिटाला गप्पा बिनाका गीतमालेवर, रेडिओ सिलोनच्या त्या हिंदी सिनेगीतांच्या कार्यक्रमावर येतात. दर वर्षी १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनाला, हे होतंच. २०२४ च्या फेब्रुवारीत तिचे निवेदक अमीन सायानी गेले तेव्हा तर मराठी माणसांच्या समाजमाध्यमांवरच्या भिंती त्यांच्याच आठवणींनी भरून गेल्या होत्या. त्यात वावगं काही नाही. बुधवारी रात्री सिलोन लावून बसणाऱ्यांत आमचंही घर होतं आणि त्या माणसाच्या आवाजातला जिव्हाळा मी कधी विसरणार नाही. पण एक गोष्ट मला दर वेळी लागते. आकाशवाणीच्या पुणे, सांगली, नागपूर, मुंबई 'ब' या केंद्रांवर ज्यांनी आयुष्यं घातली, ज्यांच्या मराठीवर आपले कान तयार झाले, त्यांचं नाव या आठवणींत फारसं कुणी काढत नाही. आज त्यांच्याबद्दलच लिहायचंय. पोस्ट लांबणार आहे.

आमचं गाव कराड तालुक्यातलं. सांगली स्वच्छ लागायचं, पुणे थोडं खरखरत, आणि मुंबई 'ब' रात्री जेवणं उरकल्यावर. पुणे केंद्र, ३७८.८ मीटर्स अर्थात ७९२ किलोहर्ट्झ. सांगली केंद्र, २३९.८ मीटर्स अर्थात १२५१ किलोहर्ट्झ. हे आकडे मला अजून पाढ्यांसारखे पाठ आहेत. सकाळी आधी ती संकेतधून वाजायची, मग वंदे मातरम्, मग शहनाई. ती धून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची. नाझींच्या काळात युरोप सोडून ते मुंबईत आले आणि इथल्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होते. परागंदा झालेल्या माणसाच्या सुरावर आपल्या कित्येक पिढ्या जाग्या झाल्या, हे मला फार उशिरा समजलं.

सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या. एक अक्षर कळत नसलं तरी बलदेवानंद सागर यांचं नाव आणि शेवटचं 'इति वार्ताः' शाळेतल्या प्रत्येक पोराला म्हणता यायचं. सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे बातम्या द्यायला लागल्या की वडील दाढी करता करता वस्तरा खाली ठेवायचे. त्यांच्या वाचण्यात घाई नसायची आणि नाटकही नसायचं. धरण भरल्याची बातमी असो की अपघाताची, त्या प्रत्येक शब्दाला त्याची जागा द्यायच्या. 'चमचा'तला च वेगळा आणि 'चहा'तला वेगळा, हे मला व्याकरणाच्या बाईंनी शिकवलं नाही, ते पुणे केंद्रानं शिकवलं. गावांची नावंही तशीच नीट यायची. शहरातल्या माणसाला अडखळायला लावणारी नावं ही मंडळी त्या गावात राहून आल्यासारखी उच्चारायची. आपल्या तालुक्याचं नाव रेडिओवर बरोबर ऐकू येणं किती मोठी गोष्ट असते, हे ज्यांचं गाव कधीच बातमीत येत नाही त्यांना विचारा.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. त्यात बाजारभाव. माझे चुलते अंगणात खाटेवर बसून पाकिटावर पेन्सिलनं आकडे टिपायचे: सांगलीची राजापुरी हळद, कराडचा गूळ, कोल्हापूरचा गूळ, शेंग. सगळे भाव एका लयीत वाचले जायचे, किमान, कमाल, सरासरी. चुलत्यांनी कान दिलेला असला की घरात भांडं वाजवायची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी अडत्यासमोर उभं राहताना त्यांच्या खिशात ते पाकीट असायचं. दलालाच्या तोंडून येणाऱ्या भावावर विसंबून राहायची गरज या पाच मिनिटांनी संपवली होती. गाण्यांच्या आठवणी सगळे लिहितात. मला वाटतं, खेड्यातल्या घरात रेडिओला मान मिळाला तो या पाच मिनिटांमुळे.

आणि हे आपसूक घडलेलं नाही. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात रेडिओ श्रोता मंडळ काढलं. पंधरा-वीस माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायची, अर्धा तास शेतीचा, आरोग्याचा, गावच्या कारभाराचा कार्यक्रम ऐकायची, मग आपसात चर्चा करायची. शंका, तक्रारी, 'आमच्याकडे हे चालत नाही' असं सगळं लिहून केंद्राकडे पाठवायची आणि त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली आणि ही पद्धत पुढे देशभर नेली गेली. सांगायचं ते इतकंच की आपला रेडिओ नुसता बोलत नव्हता, तो ऐकूनही घेत होता. आज परस्परसंवादाचं एवढं कौतुक चालतं, पण खेडेगावातल्या निरक्षर शेतकऱ्याचा प्रश्न पुण्याच्या स्टुडिओत पोचवून त्याचं उत्तर आणण्याचं काम तेव्हा झालेलं आहे, मराठीत झालेलं आहे.

तिथं बसलेली माणसं तरी कोण? पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकर वर्षानुवर्षं होते. माणदेशातल्या माणसाच्या बोलण्याचा ज्याचा कान इतका पक्का, तो माणूस शेतकऱ्यांसाठीच्या संहिता हातावेगळ्या करत होता. ज्योत्स्ना देवधर बायकांसाठीचे कार्यक्रम करत होत्या. यशवंत देव, राम फाटक हे संगीतकार आकाशवाणीच्या नोकरीत. मंगेश पाडगावकरही काही काळ तिथं होते, पु. ल. देशपांडेही होते. आपल्या काळातली उत्तम माणसं सरकारी पगारावर, फायलींच्या गराड्यात बसून, रोज संध्याकाळी संपून जाणाऱ्या कार्यक्रमासाठी लिहीत होती. आज असं एक तरी ठिकाण आहे का, जिथं मराठीतला कवी, कथाकार आणि संगीतकार एकाच जिन्यानं चढतात?

इथं बाळकृष्ण केसकरांची गोष्ट आठवते. पुण्यात जन्मलेले हे गृहस्थ १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे गेले, बिनाका गीतमाला घरोघरी पोचली, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. त्या हट्टाची खूप थट्टा झाली आणि तो हट्ट चुकीचाच होता असं माझंही मत आहे. लोकांनी काय ऐकावं हे मंत्र्यानं ठरवायचं नसतं. पण त्याच काळात केंद्रांनी स्वतःची सुगम गाणी तयार करायला घेतली, त्यासाठी कवी, संगीतकार आणि वादक नेमले. मराठी भावगीताला यातून जे घर मिळालं, त्याची नोंद आपण घेत नाही.

गीतरामायण याच वातावरणातलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्राचं वय तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं, १९५३ च्या गांधी जयंतीला ते सुरू झालं होतं. तिथले कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांनी आपल्या मित्राकडून, गदिमांकडून, वर्षभर चालेल असं काहीतरी मागून घेतलं. दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल, बदलते गायक. सुधीर फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, गजानन वाटवे, असे एकाहून एक गळे. ५६ गीतं झाली. माझी आजी सांगायची, त्या सकाळी लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आज गीतरामायण म्हटलं की आपल्याला ध्वनिमुद्रिका आणि बाबूजींचे जाहीर कार्यक्रम आठवतात. पण ते मुळात एका प्रादेशिक केंद्राचं आठवड्याचं काम होतं, नेमून दिलेल्या वेळेला पुरं करायचं. गदिमांकडून वेळेवर गीत मिळवणं ही लाडांची दर आठवड्याची परीक्षा असायची. असा खनपटीला बसणारा अधिकारी नसता तर मराठीतली ही एवढी मोठी गोष्ट झालीच नसती. मला त्या अधिकाऱ्याबद्दल कवीइतकाच आदर वाटतो.

'सखी मंद झाल्या तारका' तुम्ही बाबूजींच्या आवाजात ऐकलं असेल. सुधीर मोघ्यांचे शब्द, राम फाटकांची चाल. ते पुणे केंद्राच्या 'स्वरचित्र' या कार्यक्रमासाठी आधी गायलं होतं भीमसेन जोशींनी. अशी किती गाणी त्या खोल्यांत जन्मली असतील!

मुंबई 'ब'चं नाव घेतलं की आमच्या घरात आजही टेकाडे भावजी निघतात. 'पुन्हा प्रपंच' ही रेडिओवरची मालिका. प्रभाकरपंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीना वहिनी म्हणजे नीलम प्रभू, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन आवाज, एक मध्यमवर्गीय घर, आणि त्या आठवड्यात लोकांना सतावणारा एखादा साधा विषय. कपाचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, बाकी सगळं बोलण्यावर. माझ्या आईला मीना वहिनींचा चेहरा ठाऊक नव्हता, पण 'त्यांचं बरोबरच आहे' असं ती रेडिओकडे बघून म्हणायची. कुडतरकर २०२० साली गेले, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांमधला तो भारदस्त मराठी आवाजही त्यांचाच होता. ऐन टाळेबंदीत गेले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि दोन दिवसांत विषय संपला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन, आषाढीला पंढरपूरहून महापूजेचं थेट प्रसारण, वनिता मंडळ, बालोद्यान, कामगार सभा, यांतल्या प्रत्येकावर वेगळी पोस्ट होईल.

'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी आत्या पोस्टकार्ड लिहायची. घरातल्या सगळ्यांची नावं, शेजारच्या दोघींची, आणि जागा उरली तर कडेला उभ्या अक्षरात गाईची सुद्धा. नावं वाचली गेली की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिचा थाट वेगळाच. निवेदिका ती यादी कधी उरकून टाकायची नाही. नाव, गाव, तालुका. आत्याचं नाव लग्नपत्रिका आणि सातबारा सोडला तर आयुष्यात दुसरीकडे कुठं उमटलं नाही. पण ते मुंबईहून सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं होतं.

आता जे खरं आहे तेही सांगते. बातम्यांच्या बाबतीत आकाशवाणी सरकारचीच होती. आणीबाणीत तिनं काय ऐकवलं आणि काय लपवलं, हे आपल्याला माहीत आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचं लोकांना बीबीसीकडून आधी कळलं, आकाशवाणीनं संध्याकाळी सांगितलं. स्वायत्ततेची शिफारस चंदा समितीनं १९६६ मध्येच केली होती, प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडलं. हा डाग आहे आणि तो आठवणींच्या भरात पुसू नये. पण बाजारभाव वाचणारा उद्घोषक, रात्रपाळी करणारा तंत्रज्ञ, ब्लेडनं टेप कापून जोडणारा संकलक यांचं काम त्या डागाखाली गाडून टाकणंही अन्यायच आहे.

आज खासगी एफएम आहे. पुण्या-मुंबईत ते बरंचसं हिंदीत बोलतं, आणि नियमानं त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. म्हणजे तुमच्या जिल्ह्याची बातमी मराठीत रेडिओवर द्यायची तर आकाशवाणीशिवाय कुणी नाही. अशा वेळी जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा निर्णय झाला होता. ओरड झाली म्हणून तो थांबला. किती जणांना ही गोष्ट आठवते? तीन दशकं ज्या बातम्यांवर घड्याळ लावलं, त्या बंद होऊ घातल्या होत्या आणि आपण जुन्या मर्फी सेटचे फोटो टाकत होतो.

दुसरी गोष्ट मध्यम लहरींची. एफएमचा आवाज सुरेख, पण त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आला की संपतात. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर पोचतात. म्हणून तर कराडला रात्री मुंबई लागायचं. देशात मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकामागून एक बंद होत आहेत. सह्याद्रीच्या खोऱ्यांत, जिथं पावसाळ्यात आधी वीज जाते आणि पाठोपाठ मोबाइलचा टॉवर, तिथं दोन सेलवर चालणाऱ्या रेडिओइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. हा खर्च वाचवण्याचा विषय नाही.

आणि तिसरी, ध्वनिमुद्रणांची. टेप महाग होती, त्यामुळे तीच पुसून पुन्हा वापरायची रीत होती. किती श्रुतिका, किती मुलाखती, किती लोककलावंतांचे आवाज असे गेले असतील. जे उरलं आहे ते केंद्रांच्या कपाटांत आहे. शास्त्रीय संगीताचा बराच साठा बाहेर आला, पण मराठी श्रुतिका, भाषणं, ग्रामीण कार्यक्रम यातलं मला तरी फार थोडं ऐकायला मिळालं. हे सगळं लोकांच्या पैशातून झालेलं काम आहे. ते सरसकट खुलं करावं, केंद्रानुसार, तारखेनुसार, निवेदकाच्या आणि तंत्रज्ञाच्या नावासकट. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनी यात उतरायला हवं. गेल्या शतकातलं बोललेलं मराठी इतक्या नीट अवस्थेत दुसरीकडे मिळणार नाही.

तुमच्या घरी कुणी नैमित्तिक उद्घोषक म्हणून, वादक म्हणून, श्रुतिकेत काम केलेलं असेल, त्यांच्या कपाटात कॅसेट, संहिता, करारपत्रं असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्याशी बसून बोला, रेकॉर्ड करा, तारखा लिहून घ्या. आणि तुमच्या भागातल्या केंद्राला एक पत्र टाका: अमुक कार्यक्रम ऐकला होता, तो पुन्हा लावा. केंद्रावर आलेल्या पत्रांची दखल पूर्वीही घेतली जायची. पत्रंच आली नाहीत तर 'श्रोते उरले नाहीत' असं म्हणायला वरच्यांना फार सोपं जातं.