हिरोला मारामारी येत नाही, म्हणूनच पिक्चर भारी आहे

चायनीज मार्शल आर्ट पिक्चर म्हटलं की लोक लगेच 'क्राउचिंग टायगर' काढतात, मान्य, पिक्चर देखणा आहे, पण माझं मत विचाराल तर त्याच्या 13 वर्षं आधी, 1987 ला हाँगकाँगमध्ये आलेला 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' जास्त जिवंत आहे. त्सुई हार्क निर्माता, चिंग स्यू-तुंग दिग्दर्शक. (हाच चिंग पुढे आपल्या 'क्रिश'च्या फायटिंगला आला होता, कितीजणांना माहितीये?)

यातला हिरो लेस्ली चेउंग हा उधारी वसूल करत गावोगाव फिरणारा गरीब पोरगा. तलवार नाही, विद्या नाही, खायला दगडासारखा कडक पाव. त्यात पावसात वहीच भिजते, शाई पसरते, मग कोण कशाला पैसे देतंय! खिशात दमडी नाही म्हणून साहेब फुकटात मुक्कामाला गावाबाहेरच्या पडक्या मंदिरात जातात, जिथून कोणी परत येत नाही. वर माळ्यावर वाळलेली प्रेतं हलायला लागलीयेत, शिडीवरून खाली यायला बघतायत आणि ह्याला पत्ताच नाही. हसावं की घाबरावं कळत नाही, आणि चिंगला दोन्ही एकदम हवंय.

मारामारीचं खातं वू मा या दाढीवाल्या नटाकडे. तंत्रमंत्र जाणणारा ताओपंथी (ताओ हा जुना चिनी धर्मपंथ) तलवारबाज, माणसांना कंटाळून भुतांच्या शेजारी राहायला आलेला, मधेच दारू पिऊन ताओवर चक्क रॅप करतो! समोर झाडाची राक्षसीण, जी एका पुरुष नटाने केलीये, आवाज क्षणात बाईचा क्षणात बाप्याचा, आणि जीभ एवढी लांब की अख्ख्या जंगलातून सरपटत येते. सगळं तारा, धूर, निळा उजेड आणि उडणारं रेशीम यावर उभं केलंय. काही ठिकाणी नकलीपणा दिसतो, दिसू दे की, आजच्या कॉम्प्युटरवाल्या ड्रॅगनपेक्षा मला ती रबरी जीभ जास्त किळसवाणी वाटते.

पण खरी गोष्ट भुताची आणि वसुलीवाल्याची. जोई वाँगची भूत पोरगी राक्षसीणीसाठी पुरुष जाळ्यात ओढते, हा मात्र तिलाच वाचवायला धडपडतो. मूळ कथा जुना चिनी लेखक पू सोंगलिंगची, म्हणजे तीनशे वर्षं जुनी. शेवटी पहाट होते, तिच्यावर ऊन पडू नये म्हणून हा पाठ करून खिडकी दाबून धरतो, आणि त्यामुळेच ती जाताना ह्याला दिसत नाही. (स्पॉयलर झाला, पण पिक्चर 1987 चा आहे राव!) तलवारबाज हिरो असता तर हा सीन झालाच नसता, त्याने काहीतरी कापून प्रश्न मिटवला असता. ह्याच्याकडे फक्त दोन हात आहेत, तेही खिडकीला लागलेत.

बघणार असाल तर कँटोनीजमध्येच बघा, डबिंगमध्ये वू माची मजा जाते. दुसरा भाग ठीकठाक, तिसऱ्यात टोनी लियुंग भिक्षू झालाय तो जरूर बघा. 2011 चा रिमेक मात्र माझ्या मते सोडा, आणि ज्यांना आवडलाय त्यांनी कमेंटमध्ये भांडायला या, आज सुट्टीच आहे मला.