पहिल्या वर्षी पेच नको

संक्रांत जवळ आली की नागपुरात जुनी शुक्रवारीची दुकाने पतंगांनी भरतात आणि "मुलाला पतंग शिकवायचा आहे, कोणता मांजा घेऊ?" हा प्रश्न मला कोणीतरी विचारतेच. मांजा म्हणजे काचेची भुकटी लावलेला दोरा, तो पेचासाठी, म्हणजे दुसऱ्याचा पतंग कापण्याच्या लढतीसाठी असतो. माझे मत असे की शिकणाऱ्याच्या हातात मांजा देऊच नये. पहिले वर्ष साधी, पांढरी, न सुतलेली सद्दी, म्हणजे काच न लावलेला सुती दोरा, पुरेशी आहे.

नायलॉनच्या मांजाचा तर प्रश्नच येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरीही गेल्या वर्षी भाचीसाठी दोऱ्याची चक्री घ्यायला गेलो असता दुकानदाराने आवाज खाली आणून "तो वाला पाहिजे का?" असे विचारलेच. तो दोरा सहजी तुटत नाही, हाच त्याचा दोष आहे. सुती दोरा ताण आला की तुटतो, नायलॉन मात्र दुचाकीस्वाराच्या गळ्यात किंवा पक्ष्याच्या पंखात अडकला की आत रुतत जातो.

दुसरा आग्रह जागेचा. पतंग म्हटला की आपण गच्चीवर धावतो, पण नवख्यासाठी गच्चीसारखी वाईट जागा नाही. त्याची नजर आकाशात असते आणि पाय मागे मागे सरकत असतात. त्यात कठडा नसलेला स्लॅब असेल तर पुढचे सांगायला नको. शिवाय इमारतींच्या आडोशाला वारा गिरक्या घेतो, त्यामुळे पतंग का पडतो हे शिकणाऱ्याला कळतच नाही. मोकळे मैदान शोधावे, ज्याच्या आसपास विजेच्या तारा, रेल्वे किंवा मेट्रो नसेल. रेल्वेच्या आणि आपल्या मेट्रोच्याही वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तारेत अडकलेला पतंग तिथेच सोडावा, बांबूने काढायला जाऊ नये आणि लोंबणारा दोराही ओढू नये.

आता प्रत्यक्ष उडवण्याबद्दल. कण्णी, म्हणजे पतंगाला दोरा जोडण्याची बांधणी, अनुभवी माणसाकडून बांधून घ्यावी, कारण ती चुकली तर पुढचे सारे व्यर्थ. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि दुसऱ्याने चाळीस-पन्नास पावलांवर पतंग धरून तो अलगद सोडावा. पतंग सतत एकाच बाजूला झुकत असेल तर विरुद्ध टोकाला कागदाची बारीक पट्टी बांधावी. हे सगळे तासाभरात जमते. जमत नाही ती ढील, म्हणजे दोरा सैल सोडणे. आपला पतंग लढाऊ घडणीचा असतो. दोरा ताणला की त्याचे तोंड जिकडे असेल तिकडे तो सुसाट जातो आणि ढील मिळाली की डोलत तोंड फिरवतो. म्हणून पतंग खाली गोते खाऊ लागला की घाबरून खेचणारा माणूस त्याला स्वतःच्या हाताने जमिनीवर आपटत असतो. माझ्या भाचीने असे चार पतंग फाडले. पाचव्या वेळी मी चक्री धरून नुसता "सोड, सोड" ओरडत राहिलो, तिने हात सैल केला, पतंगाने तोंड वर केले आणि मग तिने खेचले. पेच हा याच्या पुढचा धडा आहे.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी आणखी. सद्दीही बोट कापते, म्हणून तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळावी. हिवाळ्यात आपल्याकडे वारा अनेकदा उत्तरेचा असतो, म्हणजे तोंड दक्षिणेला आणि सूर्य थेट डोळ्यांत. टोपी आणि गॉगल हा नखरा नव्हे.

उडवायचे ते सकाळी ऊन तापल्यावर आणि दुपारी. पहाटे आणि संध्याकाळी पक्ष्यांची ये-जा असते, ती वेळ त्यांना सोडावी. कापलेल्या पतंगामागे, विशेषतः रस्त्यावर, धावू नये. पाच-दहा रुपयांचा कागद आहे तो. भाची यंदा पेच लढवायचा म्हणते आहे. आधी मैदानातला तुटका दोरा शेवटच्या हातापर्यंत गोळा करून आण, मग बोलू, असे मी तिला सांगितले आहे.